चोरी, दरोडा, फर्लो : वाचकांच्या इंग्रजी शंका

या वेळच्या बहुतेक शंका कोर्टकचेरीच्या इंग्रजीतल्या आहेत. माझी सारी नोकरी जिल्हा व सत्र न्यायालयाच्या भाषांतर शाखेत झाली हे वाचकांना ठाऊक झालंय, त्याचा हा परिणाम असावा. आमचं काम साधं होतं. खालच्या कोर्टात साक्ष मराठीत व्हायची, अपील उच्च न्यायालयात गेलं की ते सगळे कागद इंग्रजीत करून पाठवायचे. तिथे मी एक गोष्ट शिकले. या शब्दांसाठी आधी कायद्याचं कलम उघडायचं, शब्दकोश त्यानंतर. शब्दकोश इंग्लंडातल्या माणसाला काय वाटतं ते सांगतो. आपला आरोपी इथला असतो.

थेफ्ट, रॉबरी, डकॉइटी आणि एक्स्टॉर्शन या चारही शब्दांपुढे माझ्या गाईडमध्ये ‘चोरी, लूट’ असंच दिलंय. पीएसआयच्या परीक्षेसाठी नेमका फरक सांगाल का?
— एक परीक्षार्थी, बार्शी (सध्या पुणे)

ते गाईड आधी बाजूला ठेव. मूळ कायदा वाच, तो गाईडपेक्षा सोपा आहे आणि गमतीदारही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत व्याख्येखाली छोटी छोटी उदाहरणं दिलेली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती बहुतेक तशीच उचलली आहेत. त्यात ‘क’ हा बहुतेक वेळा गुन्हा करणारा आणि ‘य’ हा सोसणारा. गेली दीडशेहून जास्त वर्षं ‘य’चं झाड तोडलं जातंय, कुत्रा पळवला जातोय, पाकीट मारलं जातंय. इतकं नुकसान दुसऱ्या कुणाचं झालं नसेल.

थेफ्ट म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने घेण्यासाठी हलवणं. सगळी मेख ‘ताबा’ आणि ‘हलवणं’ या दोन गोष्टींत आहे. ‘य’च्या जमिनीतलं झाड उभं असेपर्यंत जंगम नव्हे. ‘क’ने ते नेण्याच्या इराद्याने तोडलं की त्या क्षणी चोरी झाली, ओंडका गाडीत चढायची वाट बघावी लागत नाही. ‘क’ने खिशात कुत्र्याला आवडणारं खाणं ठेवलं आणि ‘य’चा कुत्रा त्याच्यामागे चालू लागला, तर कुत्र्याने पहिली पावलं टाकली तिथेच चोरी पुरी झाली. याउलट हमरस्त्यावर पडलेली, कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी ‘क’ने उचलली तर ती चोरी नाही. मालक शोधायचा सोडून त्याने ती लबाडीने स्वतःची करून टाकली, तर तो क्रिमिनल मिसअप्रोप्रिएशन, म्हणजे अपहार ठरू शकतो. आणि प्रवासाला जाताना ‘य’ने गोदामवाल्याकडे चांदीची भांडी ठेवायला दिली, ती त्याने सोनाराला विकली, तर? भांडी ‘य’च्या ताब्यात नव्हतीच, त्यानेच विश्वासाने सोपवली होती. म्हणून हीसुद्धा चोरी नाही, तो क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट, आपल्या सरकारी मराठीत फौजदारीपात्र न्यासभंग. पतसंस्थेच्या बातम्यांत ‘अपहार’ आणि ‘फसवणूक’ हे शब्द बिनदिक्कत अदलाबदल करून वापरतात. फसवणुकीत पैसे देणाऱ्याला सुरुवातीपासूनच गंडवलेलं असतं. अपहारात आणि न्यासभंगात वस्तू हातात सरळ आलेली असते, नियत नंतर फिरते.

आता एक्स्टॉर्शन, म्हणजे खंडणी. थेफ्टमध्ये घेणारा घेतो. खंडणीत देणारा स्वतःच्या हाताने देतो, पण भीतीपोटी. एवढा फरक लक्षात राहिला की रॉबरी आपोआप कळते, कारण रॉबरी हा वेगळा गुन्हा नाहीच. थेफ्ट किंवा एक्स्टॉर्शन यांचंच ते बिघडलेलं रूप आहे. चोरी करताना किंवा माल घेऊन पळताना चोराने मुद्दाम इजा केली, अडवून धरलं, किंवा ‘आत्ताच्या आत्ता’ इजा होईल अशी भीती घातली, की ती रॉबरी. आपल्या पोलिसांच्या भाषेत जबरी चोरी.

‘आत्ताच्या आत्ता’ला किती वजन आहे ते कायद्याचीच दोन उदाहरणं सांगतात. ‘क’ रस्त्यात ‘य’ला गाठतो, त्याचं मूल हिसकावून घेतो आणि ‘पाकीट दे, नाहीतर याला कड्यावरून खाली टाकतो’ म्हणतो. ही रॉबरी. दुसऱ्यात ‘क’ सांगतो, ‘तुझं मूल माझ्या टोळीच्या हातात आहे, दहा हजार रुपये पाठवले नाहीस तर त्याला मारून टाकू.’ ही फक्त खंडणी. मुलाचा जीव या घडीला जाईल अशी भीती घातली असेल तरच रॉबरी. क्रौर्य दोन्हीकडे तेवढंच आहे. कायदा बघतो ते अंतर आणि वेळ.

सोनसाखळीचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. पूर्वी साखळी ओढण्याला वेगळं कलम नव्हतं. मग सगळा खेळ साक्षीतल्या एका क्रियापदावर यायचा. बाई सांगायची, ‘त्यानं गळ्यातलं ओढलं.’ हे इंग्रजीत ‘टुक’ करायचं की ‘पुल्ड’? मी तरी ‘पुल्ड’च करायची, कारण तिने ‘घेतलं’ असं म्हटलेलं नसायचं. मग डॉक्टरांच्या दाखल्यात मानेवर ओरखडा आहे का ते न्यायाधीश बघायचे. ओरखडा म्हणजे इजा, आणि ती माल नेण्यासाठी मुद्दाम केलेली असेल तर जबरी चोरी. तसं काही सिद्ध झालं नाही तर साधी चोरी. शिक्षेत फरक केवढा : साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, जबरी चोरीला दहा, आणि हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात केली तर चौदापर्यंत. नव्या संहितेने स्नॅचिंग हा वेगळा गुन्हाच केला, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे आता तुला चारऐवजी पाच शब्द पाठ करावे लागतील.

डकॉइटी सर्वांत सोपी. बोटं मोजायची. पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेली रॉबरी म्हणजे डकॉइटी, म्हणजे दरोडा. बाहेर गाडी चालू ठेवून बसलेला आणि कोपऱ्यावर पहारा देणारा हेही मोजायचे, कारण तिथे हजर राहून मदत करणारा कायद्याने त्या पाचांतलाच. ‘तिघांचा सराफी दुकानावर दरोडा’ हा मथळा मी आजही वाचते आणि पेन्सिलीने खूण करते. तिघांचा दरोडा नसतो. गंमत म्हणजे हा शब्द इंग्रजीला आपल्याकडूनच गेला, डाका आणि डकैत यांच्यावरून. त्यामुळे इंग्लंडच्या कायद्यात याच्या तोडीचा शब्द शोधत बसू नकोस.

माझ्या भुसार दुकानातून रात्री पोती गेली. पॉलिसीवर ‘बर्गलरी अँड हाऊसब्रेकिंग’ असं लिहिलंय. विमा कंपनी म्हणते की ही ‘थेफ्ट’ आहे, बर्गलरी नाही. चोरी ती चोरीच ना?
— एक व्यापारी, लातूर

तुमच्या पोत्यांपुरती चोरी ती चोरीच. पॉलिसीपुरती नाही.

आधी हे समजून घ्या की ‘बर्गलरी’ हा आपल्या फौजदारी कायद्यातला गुन्हाच नाही. तो इंग्लंडातला शब्द. तिथे १९६८ च्या थेफ्ट ॲक्टपूर्वी बर्गलरी रात्रीचीच असायची, आणि तीही राहत्या घरातली. दिवसाच्याला हाऊसब्रेकिंग म्हणत. आता तिथे रात्र-दिवस काही उरलं नाही. आपल्याकडे फक्त हाऊसब्रेकिंग, म्हणजे घरफोडी, आणि ती सूर्यास्तानंतरची असेल तर रात्रीची घरफोडी. बर्गलरी आली ती विम्याच्या कागदांतून. म्हणून तिचा अर्थ दंडविधानात सापडत नाही. तो पॉलिसीतच बारीक टाइपात ‘डेफिनिशन्स’ म्हणून दिलेला असतो, आणि तिथे बहुधा ‘फोर्सिबल अँड व्हायोलंट’ हे दोन शब्द असतात. जबरदस्तीने, तोडफोड करून आत शिरणं किंवा बाहेर पडणं.

असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २००४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की पॉलिसीत बर्गलरीची जी व्याख्या आहे तीच धरावी लागेल. चोरीआधी बळाचा वापर झाल्याचं दिसत नसेल तर भरपाई मागता येणार नाही. पोलिसांनी कुठलं कलम लावलं यावरून पॉलिसीचा अर्थ बदलत नाही.

यात एक विचित्र फट आहे, तुमच्या बाबतीत ती महत्त्वाची ठरू शकते. दंडविधानाच्या घरफोडीला तोडफोड लागतच नाही. कायद्याचं उदाहरण असं : ‘य’ची हरवलेली किल्ली ‘क’ला सापडते, तो त्या किल्लीने कुलूप उघडून आत शिरतो. ही घरफोडी. एक ओरखडासुद्धा उमटला नाही, तरीही. दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी उचलली, तीही घरफोडी. म्हणजे तुमच्या फिर्यादीत पोलिसांनी ‘घरफोडी’ लिहिलं असेल आणि विमा कंपनी तरीही ‘बळाचा वापर नाही’ म्हणत असेल, तर दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असू शकतात.

तेव्हा पंचनाम्याची नक्कल काढा. शटरची पट्टी वाकलेली, कुलूप तुटलेलं, कडी-कोयंडा उचकटलेला, मागची खिडकी गज कापलेली, यातलं काही नोंदलं आहे का ते बघा. असेल तर तेच तुमचं हत्यार. ते घेऊन विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जा. ‘चोरी ती चोरीच’ हा युक्तिवाद मात्र तिथे करू नका. आणि पुढच्या वर्षी पॉलिसी घेताना एजंटला विचारा, साधी थेफ्ट यात धरली आहे का, आणि तो ‘हो’ म्हणाला तर लिहून घ्या.

टीव्हीवर कुणी ‘बेल’वर बाहेर येतो, कुणी ‘पॅरोल’वर, कुणी ‘फर्लो’वर. बाहेर तर सगळेच येतात. फरक काय?
— एक गृहिणी, ठाणे

बेल म्हणजे जामीन. कोर्ट देतं, आणि बहुधा गुन्हा अजून सिद्ध झालेला नसताना. शिक्षा झाली पण अपील चालू आहे, अशा वेळीही मिळू शकतो, तेव्हा शिक्षाच तात्पुरती थांबवलेली असते. जामिनात दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या : आरोपीने स्वतः लिहून दिलेला बाँड म्हणजे जातमुचलका, आणि त्याच्यासाठी जबाबदारी घेणारा दुसरा माणूस म्हणजे शुअरिटी, आपला जामीनदार. बातमीत ‘पंधरा हजारांचा जामीन भरला’ असं येतं, तेव्हा बऱ्याचदा कुणी एक पैसाही भरलेला नसतो, जामीनदाराने नुसती सही केलेली असते.

पॅरोल आणि फर्लो या शिक्षा भोगत असलेल्या कैद्याच्या रजा, आणि त्या कोर्ट नाही, कारागृह आणि महसूल प्रशासनातले अधिकारी देतात. महाराष्ट्रात यासाठी १९५९ चे नियम आहेत. सरकारी मराठीत फर्लोला संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. सरकारी मराठीला नावं ठेवण्यात मीही मागे नाही, पण ही दोन नावं ज्याने बसवली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. पॅरोल हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘दिलेला शब्द’. पकडलेला सैनिक ‘परत येईन’ असा शब्द देऊन सुटायचा. अभिवचन म्हणजे तेच. आणि फर्लो हा डच भाषेतून आलेला, सैनिकाची रजा. ठरावीक शिक्षा भोगून, वागणूक चांगली ठेवून ती साठत जाते, म्हणून संचित.

कामाचा फरक असा. पॅरोलला कारण लागतं : घरात मृत्यू, गंभीर आजार, लग्न. फर्लोला कारण द्यावं लागत नाही, माणसाने घराशी तुटू नये एवढाच तिचा हेतू. अर्थात ती हक्क म्हणून मागता येत नाही. आणि कैद्याच्या दृष्टीने खरी गोष्ट ही की फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलचे धरले जात नाहीत, तेवढे दिवस पुढे भोगावे लागतात. आत असलेल्या माणसाला हा फरक कुठल्याही इंग्रजीच्या प्राध्यापकापेक्षा चांगला ठाऊक असतो.

‘डिस्चार्ज’ आणि ‘अक्विट’ दोन्हींना आमच्या डेस्कवर ‘निर्दोष सुटका’ लिहितात. चालतं का?
— एक शिकाऊ उपसंपादक, नागपूर

चालत नाही. डिस्चार्ज म्हणजे दोषारोप निश्चित होण्याआधीच, खटला चालवण्याइतकं साहित्य कागदांवर नाही म्हणून सोडणं. त्याला ‘दोषमुक्त’ लिहा. अक्विटल म्हणजे साक्षीपुरावे होऊन, खटला संपून झालेली सुटका. ‘निर्दोष मुक्तता’ लिहायची ती इथे. फरक नुसता शोभेचा नाही. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. डिस्चार्जला कायदा अक्विटल मानतच नाही, त्यामुळे पुढे नवा पुरावा आला तर दार उघडं राहतं.

‘ऑनरेबल अक्विटल’ हा शब्दही तुमच्यापुढे येईल. तो प्रक्रियेच्या कायद्यात कुठेच नाही, सर्वोच्च न्यायालयानेही तसं म्हटलंय. पण पोलीस भरतीत तो अडवतो. संशयाचा फायदा मिळून सुटलेला उमेदवार आणि आरोपात काही तथ्यच नव्हतं म्हणून सुटलेला उमेदवार यांना भरती करणारे एका मापाने मोजत नाहीत. तेव्हा निकालात ‘बेनिफिट ऑफ डाउट’ असेल तर बातमीत ‘संशयाचा फायदा’ लिहाच, ते गाळू नका.

जाता जाता : याचिका ‘डिस्पोज्ड ऑफ’ म्हणजे निकाली काढली. ‘डिसमिस्ड’ म्हणजे फेटाळली. निकाली काढलेल्या याचिकेत अर्जदाराला हवं ते मिळालेलंही असू शकतं.

‘मर्डर’ आणि ‘कल्पेबल होमिसाइड’ यांत फरक काय? माणूस मेला तो मेला.
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

सर, प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो. मुंबईचंच एक प्रकरण बघा.

२७ एप्रिल १९५९. नौदलाचे कमांडर नानावटी यांना पत्नीने दुपारी प्रेम आहुजाशी असलेले संबंध सांगितले. त्यांनी पत्नीला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आधी आहुजाचं ऑफिस गाठलं, मग घर. तिथे गोळ्या झाडल्या. कायद्यात अपवाद आहे : ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’, गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे भान सुटून केलेला वध खून ठरत नाही. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना दोषी नाही म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये घड्याळ बघितलं. दुपारी दीडला घर सोडलं, गोळ्या सुटल्या चार वीसला. मधल्या वेळात डोकं थंड व्हायला पुरेशी सवड होती, मुलांची पुढची सोय लावण्याइतकं भानही होतं. प्रक्षोभ गंभीर असेल, पण ‘सडन’ उरला नाही. म्हणून मर्डर, जन्मठेप.

पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना ‘पार्डन’ दिला, म्हणजे माफी. हा शब्दही नीट वापरावा. फाशीची जन्मठेप केली तर ते ‘कम्युटेशन’, शिक्षेचा प्रकार बदलला. दहा वर्षांची आठ केली तर ‘रेमिशन’, प्रकार तोच, मुदत कमी.

इथे माझी मुलगी ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ वेगळे म्हणते. मी जन्मभर दोन्हीला तुरुंग म्हणत आले.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

मुलगी तिथल्यापुरती बरोबर आहे. अमेरिकेत जेल ही साधारणपणे काउंटीची : खटला व्हायचा असलेले आणि थोडक्या, बहुधा वर्षाच्या आतल्या शिक्षेचे. प्रिझन राज्याची किंवा केंद्राची, लांब शिक्षांसाठी. शिवाय मुलगी ‘फेलनी’ आणि ‘मिसडिमीनर’ म्हणत असेल तर तिला सांगा, तुमचं न्यू जर्सी हे शब्द आपल्या कायद्यात वापरत नाही; तिथे ‘क्राइम’ आणि ‘डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स’ अशी विभागणी आहे.

आपल्याकडे हा भेद नाही. १८९४ चा कायदा प्रिझन्स ॲक्ट, पाटीवर ‘मध्यवर्ती कारागृह’, आणि लोकांच्या तोंडी आर्थर रोड जेल. इथे जपायचा भेद दुसरा आहे. पोलीस कोठडी म्हणजे आरोपी चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात. न्यायालयीन कोठडी म्हणजे त्याला कारागृहात ठेवलेलं. न्यायालयाच्या इमारतीत कुठेतरी कोठडी असते आणि तिथे त्याला ठेवतात, असं पुष्कळांना वाटतं. आमच्या इमारतीत तशी एकच खोली होती, तारखेला आणलेल्या आरोपींना संध्याकाळपर्यंत बसवायला, आणि साडेपाचला पोलिसांची गाडी त्यांना घेऊन जायची.